पनवेल ते देवबाग, मागे होडी नि खाली बॅटरी: ओढेल का, आणि ओढलं तर कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पनवेलचे एक गृहस्थ, गाडी ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक ५, चौदा फुटी फायबरची होडी घेतायत आणि तिच्यासाठी ट्रेलर बनवून घेतायत, होडी-इंजिन-ट्रेलर सगळं मिळून आठशे किलोच्या आसपास. ते गाडीमागे लावून मालवणजवळ देवबागला गावच्या घरी न्यायचंय. विचारतायत की गाडी ओढेल का, चार्ज किती खाईल, घाटात मोटर जळणार नाही ना, आणि आतल्या सागरी रस्त्याने येऊ की हायवेने.

ओढेल. आरामात ओढेल. साडेतीनशे न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही शून्यापासून, क्लच नाही, गिअर नाही, चढावर उभी करून परत उचलायची तर डिझेल गाडीला जो घाम फुटतो तो इथे नाही. मोटर जळायचीही भीती नको, फार तापली तर गाडी स्वतःच पॉवर कमी करते, आणि आपल्या घाटांत माझ्यावर ती वेळ अजून आलेली नाही. पण "ओढेल का" हा प्रश्नच मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. खरी फजिती होते ती थांबायच्या जागी. म्हणजे चार्जरपाशी, उतारावर आणि शेवटी पाण्याच्या कडेला. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मालवणातला, कयाक आणि छोट्या डिंग्यांचा धंदा आहे, चार सीझन झाले एमजीच्या झेडएस ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीमागे कयाकचा ट्रेलर ओढतोय. मालवणहून गुहागर, दापोली, कधी मुरुड, दोनदा पनवेलपर्यंत. पहिल्या वर्षी चेकनाक्यावर, पेट्रोलपंपावर, जिथे तिथे लोक विचारायचे, "अरे, ही शेपटी घेवन खंय चललंस?" आणि दुसरा प्रश्न ठरलेला, "चार्जिंग संपला तर?" आता विचारत नाहीत. एवढंच की माझं वजन तुमच्या निम्मं आहे, सहा कयाक, ट्रेलर, वल्ही, लाईफ जॅकेटं धरून चारशेच्या आतबाहेर, त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू नाहीत, तुमच्यासाठी वेगळा हिशोब खाली देतो. अंदाजाने नाही, आयोनिकवाल्या एका दोस्ताची होडी मी स्वतः बरोबर बसून आणलीय.

आधी वजन. आठशे हा आकडा कुठून आला? बनवणाऱ्याने तोंडी सांगितला असेल तर त्यावर विसंबू नका. ट्रेलर तयार झाला की होडी, इंजिन, पेट्रोलचा कॅन, नांगर, दोर सगळं चढवून सरळ एखाद्या वजनकाट्यावर न्या, वाळूचे डंपर जातात तिथे, पावती घ्या. माझा पहिला ट्रेलर "दीडशे किलो फक्त" म्हणून बनवला होता, काट्यावर दोनशे दहा भरला. आपले फॅब्रिकेशनवाले मजबुतीच्या बाबतीत हात राखून काम करत नाहीत, जिथे चाळीसचा पाईप पुरतो तिथे साठचा घालतात आणि वर "साहेब, हत्ती ठेवा" म्हणतात.

आता हे आठशे का महत्त्वाचं. युरोपात आयोनिक ५ च्या मोठ्या बॅटरीवाल्या गाडीला ट्रेलरचे जे आकडे आहेत ते असे: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १६०० किलो, नसतील तर ७५० किलो. माझ्या झेडएसला तिकडे ५००. आपल्याकडच्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलाय का ते स्वतः वाचा, शोरूममधल्या पोराला विचारू नका, त्याला सनरूफ दाखवायचं असतं. आकडा नसेल तर वॉरंटीचं काय ते ईमेलवर लेखी विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही लेखीच विचारा. तर तुमचे आठशे हे ७५० च्या वर आहेत, म्हणजे ब्रेक नसलेला ट्रेलर तुमच्यासाठी बादच, तिकडच्या नियमानेसुद्धा. आणि आपल्याकडे गावात बनतात त्यातल्या बहुतेक ट्रेलरना ब्रेक नसतातच. माझं स्वतःचं मत विचाराल तर पाचशेच्या वर गेलं की ब्रेक हवेत म्हणजे हवेतच, परशुराम घाटात पुढचा एसटीवाला अचानक थांबला की मागचे आठशे किलो कुठल्या बाजूने पुढे येतात हे बघायची हौस मला नाही. ओव्हररनवाला ब्रेक बसवून घ्या, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. पैसे जातील, जाऊ द्या. आणि ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन, स्वतःची नंबर प्लेट लागते, कायद्याने ते वेगळं वाहन आहे, "गाडीचं सामान" नाही. हे काम आधी उरका. होडीची बंदर कार्यालयातली नोंदणी ती परत वेगळी.

हुक. इलेक्ट्रिक गाडीला हुक लावताना वेल्डिंग करू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. खाली सगळी बॅटरी पसरलेली असते, वर इलेक्ट्रॉनिक्स, आणि वेल्डिंगचा करंट कुठून कसा फिरेल ते त्या वेल्डरला पण माहीत नसतं. चासीच्या मूळ पॉईंटांवर नटबोल्टने बसणारा टो बार हवा, बंपरच्या पत्र्याला लटकवलेला हुक नको. हुकचा बॉल ५० मिलिमीटरचा घ्या आणि ट्रेलरचं कपलर, म्हणजे त्या बॉलवर बसणारं तोंड, त्याच मापाचं आहे ना ते बघा, कारण जवळच्या पण वेगळ्या मापाचा बॉल वरवर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडतो. साखळ्या दोन, खालून एकमेकींना ओलांडून लावलेल्या, म्हणजे कपलर निसटलाच तर जू साखळ्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

वायरिंगमध्ये मी स्वतः शेण खाल्लंय. पहिल्या वर्षी ओळखीच्या वायरमनने गाडीच्या टेललॅम्पच्या वायरी सोलून त्यावरच ट्रेलरचे दिवे जोडले, जुन्या जीपला चालायचं ते इथेही चालेल म्हणून. रात्री साडेनऊला संगमेश्वरच्या पुढे, पाऊस, आणि डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागायला लागले, ट्रॅक्शन, एबीएस, स्टिअरिंग, अगदी दिवाळी, आणि गाडी रांगायला लागली. बॅटरी गेली, अठरा-वीस लाख गेले असं धरूनच मी बाजूला घेतली. ट्रेलरचा प्लग उपटला, गाडी बंद करून चालू केली, सगळं शांत. प्लगमध्ये पाणी जाऊन शॉर्ट होत होता आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत होतं की आपलाच दिवा बिघडला. तर ट्रेलरसाठी वेगळं मॉड्यूल मिळतं, करंट थेट बारा व्होल्टच्या बॅटरीवरून घेतं आणि टेललॅम्पकडून फक्त इशारा, तेच लावा. दिवे एलईडी, प्लग झाकणवाला, आत ग्रीस. मागचे पार्किंग सेन्सर ट्रेलर दिसला की कोकलत बसतात, ते बंद करायचं बटण आधी शोधून ठेवा. रडारवाला क्रूझ पण नको, त्याच्या हिशोबात मागची होडी नसते.

मग तोल. कपलरवर खाली किती वजन पडतंय हे मोजायचं, घरातला माणसं मोजायचा काटा घ्या, वर लाकडाचा ठोकळा, त्यावर कपलर टेकवा. आठशेच्या ट्रेलरला पन्नास-साठ किलो यायला हवं. कमी आलं, म्हणजे वजन मागे असलं, की ताशी साठच्या वर शेपूट हलायला लागते, आणि होडीच्या बाबतीत हे हमखास होतं कारण इंजिन मागच्या फळीला लटकलेलं असतं. सोपा उपाय म्हणजे इंजिन काढून गाडीच्या डिकीत किंवा होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, घ्यायचं. शेपूट हललीच तर ब्रेक मारू नका, रेस वाढवू नका, स्टिअरिंग सरळ धरून पाय हलकेच काढा. हलकेच म्हणतोय, कारण इलेक्ट्रिकमध्ये पाय झटक्यात काढणं म्हणजेच ब्रेक.

आता चार्ज. लोकांना वाटतं वजनाने रेंज जाते. वजनाने जाते, पण थोडी. रेंज खातो वारा. वेग ६० वरून ९० केला म्हणजे दीडपट, तर वाऱ्याचा अडथळा सव्वादोन पट होतो, साधं गणित आहे, वेगाचा वर्ग. तुमची होडी बुटकी आहे, गाडीच्या आडोशात जाते, हे चांगलं. एका ओळखीच्या माणसाने वडापावचा ट्रेलर, म्हणजे पत्र्याचं सपाट कपाटच, गाडीमागे लावून नेला, त्याची रेंज निम्म्याखाली आली, वजन तुमच्यापेक्षा कमी असून. तर होडीवर ताडपत्री घातलीत तर तंग बांधा, फडफडली की ती पॅराशूट होते, आणि खरं तर प्रवासात काढूनच ठेवा.

आकडे सांगतो. दोस्ताची आयोनिक ट्रेलरशिवाय आपल्या हायवेला ८० च्या आसपास चालवली तर युनिटला सहा किलोमीटर द्यायची. मागे होडी, वेग ६५-७०, तर चार. नव्वद धरला तेव्हा तीनच्या थोडं वर. बॅटरी ७२.६ युनिटची, त्यातले फुल ते पंधरा टक्के एवढेच वापरायचे धरले तर साठ युनिट, म्हणजे चाराच्या हिशोबाने दोनशे चाळीस किलोमीटर. कंपनीचा एआरएआय आकडा, म्हणजे चाचणीतली रेंज, ६३१ किलोमीटर आहे तो या प्रवासापुरता विसरून जा.

आणि घाट? तोही करून बघू. गाडी माणसांसकट दोन हजार किलो, ट्रेलर आठशे, सहाशे मीटर चढायचं, म्हणजे साधारण आंबा घाट खालून वरपर्यंत. उचलायला लागतात साडेचार युनिट, मोटरचं नुकसान धरून पाच. पाच युनिट म्हणजे चाराच्या हिशोबाने वीस किलोमीटरची रेंज, आणि तोच घाट उतरताना त्यातलं निम्मं तरी परत मिळतं. बस, घाट एवढाच. उलट पनवेल ते चिपळूण नव्वदने आलात तर सत्तरच्या मानाने दहा-बारा युनिट जास्त जातील, म्हणजे दोन घाट फुकट. तरी माणसं घाटाला घाबरतात आणि वडखळच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की पाय दाबतात.

आता मुद्द्याचं, थांबायचं कुठे. सागरी रस्ता ट्रेलरसकट डोक्यातून काढून टाका, त्याबद्दल खाली दोन ओळी लिहितो. हायवे ६६ धरा. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडीचा बोगदा, खेड, चिपळूण. कशेडीचा जुना घाट आता बोगद्याने टळतो, ट्रेलरवाल्यांसाठी तर ही लॉटरीच. चिपळूणपर्यंत दोनशेच्या आसपास, पन्नास युनिट जातील, फुल भरून निघालात तर तीस टक्के उरतील. इथे पहिला मोठा थांबा. चिपळूणहून ऐंशी टक्क्यांनी निघून थेट कणकवली गाठता येते कागदावर, पण पोचाल तेव्हा पंधराच्या खाली असाल, आणि तिथला चार्जर बंद निघाला तर मागे होडी घेऊन पुढचा शोधणार कसा? म्हणून हातखंबा ते लांजा या पट्ट्यात दुसरा अर्ध्या तासाचा थांबा घ्या, मग राजापूर, खारेपाटण, कणकवली, कसाल, आणि कसालहून मालवण, आरामात. माझा नियम आहे की ट्रेलर असताना पुढच्या चार्जरच्या पुढचाही चार्जर गाठता येईल एवढं पोटात असायला हवं. ट्रेलर नसताना मी दहा टक्क्यांवर पण शिट्टी वाजवत येतो.

चार्जर निवडताना किलोवॅट नंतर बघा, जागा आधी बघा. हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडचे चार्जर कारसाठी आखलेल्या खणात असतात, पुढे किंवा मागे लोखंडी खांब, आणि तुमचं पोर्ट आहे मागच्या उजव्या बाजूला. म्हणजे एरवी तुम्ही रिव्हर्स घेऊन लावता. मागे ट्रेलर आणि होडी असताना रिव्हर्स काय लावणार? माझ्या झेडएसचं पोर्ट पुढे जाळीत आहे, मी नाक घालतो आणि ट्रेलर मागे बाहेर राहतो, मला बरं पडतं, तरी निम्मा पंप अडतो आणि शिव्या बसतात. तुम्हाला एकच मार्ग, गाडी आडवी अशी घ्यायची की चार्जर ड्रायव्हरच्या बाजूला आणि मागच्या चाकाच्या जवळ येईल. यात बाकीचे दोन खण अडतात. पेट्रोलपंपावरचे चार्जर जिथे बाजूने पुढे निघून जायला वाट आहे ते सोन्यासारखे. हॉटेलच्या पार्किंगमधले, जिथे आत गेलं की तोंड फिरवायला जागा नाही, ते साठचे असले तरी मी टाळतो आणि तीसचा पंपावरचा घेतो. फरक किती? तीस ते ऐंशी टक्के म्हणजे छत्तीस युनिट, साठच्या चार्जरवर पाऊण तास, तीसच्यावर सव्वा तास. तेवढ्यात जेवण होतं. ट्रेलरचं टायर-बेअरिंग बघून होतं.

त्यामुळे येण्याआधी एकदा ट्रेलरशिवाय या रस्त्याने येऊन जा आणि प्रत्येक चार्जरपाशी उतरून बघा, आत कसं जायचं, बाहेर कसं निघायचं, खांब कुठे, गटार कुठे, केबल पोचेल का. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. ॲपमधल्या हिरव्या ठिपक्यावर यातलं काही दिसत नाही.

नाहीच जमलं तर ट्रेलर सोडायचा. त्याची तयारी घरी करा, पनवेलच्या गल्लीत चार वेळा सोडा-जोडा. पुढचं छोटं चाक, म्हणजे जॉकी व्हील, चांगल्या रबराचं घ्या, लोखंडी बारीक चाक खडीत रुततं. आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके, मग प्लग, मग साखळ्या, मग कपलर, हा क्रम चुकवू नका. माझ्या भाच्याने गुटक्यांआधी कपलर उघडलं आणि सहा कयाक लांज्याच्या पंपावर संथपणे हवा भरायच्या मशीनकडे निघाले. मशीन वाचलं. मला अजून त्या पंपावर हाक मारून विचारतात, आज बांधलास ना रे.

उतार. यावर दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही इलेक्ट्रिकपुरत्याच. पहिली, बॅटरी फुल असली की ती उतारावरची वीज परत घेऊ शकत नाही, घ्यायला जागाच नसते, मग रीजन, म्हणजे वीज परत बनवत मोटरनेच लागणारा ब्रेक, जवळजवळ नाहीसं होतं आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर. हायवेने येताना हे फारसं लागणार नाही, पण उद्या कोल्हापूरकडून आलात आणि घाटाच्या माथ्याजवळ हॉटेलात रात्रभर शंभर टक्के भरून सकाळी आंबा किंवा आंबोली उतरायला घेतलात तर नेमके याच जाळ्यात सापडाल. माथ्यावर ऐंशीच्या वर भरू नका. दुसरी गोष्ट, ओव्हररन ब्रेकवाला ट्रेलर आणि रीजन यांचं एकमेकांशी जरा वाकडं असतं. तुम्ही पाय काढलात, गाडी रीजनने मंदावली, ट्रेलर पुढे ढकलला गेला, त्याचे ब्रेक लागले. म्हणजे जी वीज तुम्हाला परत मिळायची तिचा काही भाग ट्रेलरच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जातो, आणि सतत रीजनवर उतरलात तर ते ड्रम तापत राहतात. खाली आलं की थांबून चाकाजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या, कळतं.

तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणजे रीजनचा ब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. ओल्या वळणावर, मागून आठशे किलो ढकलत असताना मागच्या चाकांना जोरात ब्रेक लागणं म्हणजे ट्रेलरने गाडीला कडेने वळवायला आमंत्रण. त्यामुळे पावसाळी घाटात आय-पेडल, म्हणजे पाय काढला की रीजनने थेट थांबवणारा मोड, बंद, स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजन एक किंवा दोनवर, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. माझी पुढच्या चाकांची आहे, तिचा त्रास वेगळा, कपलरचं वजन मागे दाबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर जागच्या जागी फिरतात.

पण मुळात पावसात कशाला आणताय? मेच्या शेवटी इथली पर्यटनाची सगळी पाण्यातली कामं बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली जातात. तुम्ही नारळी पौर्णिमेनंतर आणा, त्यातही गणपतीचे आठ-दहा दिवस सोडून, कारण त्या दिवसांत सगळी मुंबई याच रस्त्यावर असते आणि चार्जरवर रांग. या रस्त्याचं काम २०११ पासून चालू आहे, अजून कुठे पूल अर्धा, कुठे सर्व्हिस रोडवरून वळसा, रात्री ते वळसे दिसत नाहीत. ट्रेलरची चाकं लहान, गाडी ज्या खड्ड्यातून सहज जाते त्यात ती आदळतात. पहाटे चारला निघा, उजेड व्हायच्या सुमाराला माणगाव-महाड, संध्याकाळच्या आत घरी. स्टेपनी ट्रेलरची वेगळी, आणि तिचा पाना पण वेगळा असतो, हे मला खारेपाटणला कळलं.

सागरी रस्ता म्हणाल तर बघण्यासाठी सुंदर, ओढण्यासाठी नाही. समोरून एसटी आली की माघार घ्यायला लागते आणि ट्रेलरची माघार म्हणजे काय ते पहिल्यांदा केल्यावर कळेल. वर जंगलजेट्ट्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटी, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मी कयाक घेऊन दाभोळवरून जातो, पण भरतीची वेळ बघून. ओहोटीला फेरीबोटीचा रॅम्प असा उभा होतो की गाडी आत आणि ट्रेलर बाहेर असताना मधला हुक जमिनीला घासतो. चारशे किलोला चार खलाशी हात लावतात, आठशेला कोण लावणार?

देवबागच्या घरी रात्री चार्ज करणार असाल तर सोळा अँपिअरचा सॉकेट आणि पोर्टेबल चार्जर, तीन युनिट तासाला, दहा तासांत तीस युनिट, पुरतं. पण अर्थिंग. बंद असलेल्या गावच्या घरात अर्थिंग असतंच असं नाही, आणि असलं तरी उन्हाळ्यात जमीन सुकली की चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. आमच्याकडे जांभ्याच्या कातळावर तर हे रोजचं रडगाणं आहे. तात्पुरता उपाय म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात दोन कळश्या पाणी, कायमचा म्हणजे वायरमन बोलावून नवा खड्डा, मीठ-कोळसा घालून. अर्थिंगची पिन बायपास करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि शेवटी पाणी. होडी उतरवताना ट्रेलर पाण्यात जातो, गाडीची चाकं जाता कामा नयेत. बॅटरीत पाणी शिरायची भीती नाही, ती सीलबंद असते, भीती खाऱ्या पाण्याने ब्रेक आणि नटबोल्ट खाल्ले जायची आहे, आणि इलेक्ट्रिकमध्ये रीजनमुळे ब्रेक आधीच कमी वापरले जातात, त्यामुळे डिस्कवर गंज लवकर चढतो. उताराच्या शेवाळावर मागची चाकं फिरायला लागली तर जास्त रेस देऊ नका, मोटर एका क्षणात सगळा जोर देते आणि गाडी आडवी होते. वाळूत तर गाडी नेऊच नका, इथे प्रत्येक वाडीत ट्रॅक्टरवाला असतो, त्याला पैसे द्या, तो पंधरा मिनिटांत होडी पाण्यात ठेवतो आणि तुमची गाडी डांबरावर राहते.

बेअरिंग विसरू नका. साडेचारशे किलोमीटर पळून चाकाचे हब गरम असतात, तसेच खाऱ्या पाण्यात घातले की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांनी ग्रीसचं ताक झालेलं असतं. माझं एक बेअरिंग असंच राजापूरच्या पुढे गेलं, चाक डुलायला लागलं म्हणून कळलं. तर पोचल्यावर तासभर हब निवू द्या, आधी जेवा, मग उतरवा, आणि ट्रेलर बाहेर आला की लगेच गोड्या पाण्याने धुवा, आतून बाहेरून. तुमच्या गाडीला व्हीटूएल आहे, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवता येतात, साडेतीन किलोवॅटपर्यंत देते, प्रेशर वॉशर तिच्यावरच लावता येतो, विजेची वाट बघायला नको. फक्त देवबागात आहात, एका बाजूला खाडी नि दुसऱ्या बाजूला समुद्र, तेव्हा धुवायला घ्यायच्या आधी विहिरीचं पाणी चाखून बघा, मचूळ लागलं तर शेजाऱ्याकडून टाकीचं मागून घ्या.